गाडीची बॅटरी सारखी उतरते, नवी घेऊ का? आणि घरी बदलता येते का?

तुम्ही लिहिलंय की गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता टकटक आवाज येतो, बॅटरी साडेतीन वर्षांची आहे, आणि नवी आणून स्वतःच बसवता येईल का. बसवता येते, अर्ध्या तासाचं काम आहे, ते खाली सांगतोच. पण नवी आणायची घाई करू नका प्लीज, कारण मी अगदी तुमच्यासारखंच केलं होतं. जुनी उतरते म्हणून नवी कोरी बॅटरी टाकली आणि सहा आठवड्यांत तीही उतरली. मग एकदा पहाटे डिकी उघडली आणि आतल्या दिव्याच्या कव्हरला हात लागला तर ते चांगलं गरम होतं, म्हणजे डिकी बंद असतानाही दिवा रात्रभर जळत होता, त्याचं बटण अडकलेलं. ५ वॉटचा छोटासा बल्ब, पण तो जवळपास ०.४ अँपिअर खातो, दहा तासांत ४ अँपिअर-तास, आणि बॅटरी ४५ अँपिअर-तासाची असेल तर चार-पाच रात्री गाडी उभी राहिली की पुढचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणून आधी एक साधा मल्टिमीटर आणा. रात्री गाडी लावल्यावर दोन-तीन तास जाऊ द्या (लगेच मोजलं तर आकडा उगाच जास्त दिसतो) आणि दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे आत सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचा, त्यामुळे पूर्ण चार्ज असेल तर १२.६ ते १२.७ दिसतं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी, जरी ऐकायला १२ बरोबर वाटत असलं तरी. सकाळी सेल्फ मारायच्या आधी परत मोजा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटरकडे बघत रहा, चांगली बॅटरी त्या क्षणाला साधारण ९.६ च्या खाली जात नाही. शेवटी इंजिन चालू असताना मोजा, १३.८ ते १४.४ च्या आसपास हवं, काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर ते कमी-जास्त करतो पण इंजिन चालू असूनही १२ च्या घरातच अडकून बसलं असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) किंवा त्याचा बेल्ट, वायरिंग बघायला हवं, तिथे नवी बॅटरी टाकून काही उपयोग नाही, तीही उतरणार.

आता या आकड्यांवरून काय समजायचं. रात्री १२.६ आणि सकाळी १२.१ असेल तर दोनच शक्यता, एकतर बॅटरी स्वतःच चार्ज धरत नाही किंवा गाडीतलं काहीतरी ती पितंय. वेगळं करायचा सोपा उपाय म्हणजे रात्री मायनसची केबल काढून ठेवायची. केबल काढूनही सकाळी व्होल्टेज पडलं तर बॅटरी गेली, नवी घ्या. नाही पडलं तर चोर गाडीत आहे. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोट लॉक यांना थोडा करंट लागतोच, साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक मानतात. पण तेवढ्यानेसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ४५ ची बॅटरी अडीच-तीन आठवड्यांत निम्मी होते, त्यामुळे गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर मायनस काढून ठेवणंच बरं. जास्त करंट जात असेल तर आधी बाहेरून बसवलेल्या गोष्टी तपासा, डॅशकॅम, म्युझिक सिस्टिम, चार्जर, त्यानंतर डिकीचा नि डॅशबोर्डच्या कप्प्यातला दिवा.

आणखी एक, बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या केबल) लावून गाडी चालू करायची आणि पंधरा मिनिटं फिरवून आणायची, याने ती भरत नाही. अल्टरनेटर चालत्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो, रिकामी बॅटरी त्याच्याकडून भरून घ्यायची म्हणजे तासन्‌तास गाडी चालवावी लागेल आणि त्याच्यावर ताणही येतो. बाहेरच्या चार्जरवर ४-५ अँपिअरने रात्रभर लावा. आणि हे लवकर करा, कारण उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग चार्ज करूनही ती पहिल्यासारखी होत नाही. माझी ती नवी बॅटरी दोनदा पूर्ण उतरली होती, पुढे तिचा दम कमीच राहिला, याचं मला अजून वाईट वाटतं.

बरं, मोजून खात्री झाली आणि बदलायचीच आहे, तर नवी घेताना लांबी-रुंदी-उंची, प्लस कुठल्या बाजूला आहे ते, अँपिअर-तास आणि सीसीए हा थंडीत सेल्फ फिरवायच्या ताकदीचा आकडा, हे सगळं जुनीवरून किंवा गाडीच्या पुस्तकातून बघून जुळवा. प्लस उलट्या बाजूला असलेली आणली तर केबल पोचत नाही आणि ओढून लावायच्या नादात अपघात होतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला एजीएम किंवा ईएफबी (सारखं चालू-बंद सोसणाऱ्या बॅटऱ्या) प्रकारचीच लागते, साधी टाकू नका. अशा बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरला नोंदवावीही लागते, ते मशीनवाल्या मेकॅनिककडून करून घ्या.

काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. आधी प्लस सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट, शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात, पाना लाल होतो, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असेल तर ठिणगीने ती फुटू शकते, आत गंधकाचं आम्ल असतं. मायनस आधी सोडला की मग पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, चष्मा घाला, किल्ली खिशात ठेवा म्हणजे गाडी आपोआप लॉक झाली तर अडकणार नाही. बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना पुरतो. खालची पकडपट्टी सोडून बॅटरी सरळ वर उचला, पंधरा किलोच्या आसपास असते, वाकडी करू नका. नवी बसवल्यावर पकडपट्टी घट्ट करायला अजिबात विसरू नका, बॅटरी हादरत राहिली की आतल्या प्लेटा तुटतात. बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असेल तर तिला गॅस बाहेर सोडणारी बारीक नळी असते, ती परत जोडा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर केबल काढून खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, केबल घट्ट बसवल्यावर वरून थोडी पेट्रोलियम जेली. खरं सांगायचं तर कित्येकदा बॅटरी गेली असं वाटतं आणि नुसती ही पूड नाहीतर सैल टर्मिनल असतं, तुम्ही सगळ्यात आधी हेच करून बघा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंतच घाला, नळाचं नको आणि आम्ल तर अजिबात नाही, कारण कमी होतं ते पाणी. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा बघा, बॅटरीचं आयुष्य खरं उष्णतेने कमी होतं, थंडीत ते फक्त समजतं.

नवी लावल्यावर घड्याळ, रेडिओ, खिडकीच्या काचांचं ऑटो सेटिंग जाईल आणि पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडं वरखाली वाटेल, त्याला घाबरू नका. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा गोणीत भरून टाकू नका, शिसं आणि आम्ल दोन्ही विषारी आहेत, विकणाऱ्यालाच परत द्या, त्यातलं जवळपास सगळं शिसं वितळवून पुन्हा वापरतात. रात्रीचा, सकाळचा, सेल्फ मारतानाचा आणि इंजिन चालू असतानाचा, असे चार आकडे मोजून इथे लिहा, मग नवी घ्यायची का नाही ते नक्की सांगता येईल.