चित्रकथीच्या प्रदर्शनासाठी अनुदान

प्रश्न : आमच्या मंडळाला पिंगुळीच्या चित्रकथीचं प्रदर्शन भरवायचंय. अनुदानाच्या अर्जात काय लिहावं?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : अंदाजपत्रकात मांडव आणि चौकटींच्या आधी ही कला जपणाऱ्या ठाकर समाजातल्या कलाकारांचं मानधन लिहा, प्रत्येकाचं वेगळं. माझा आग्रहच आहे. चित्रकथी म्हणजे भिंतीवर टांगायची नुसती चित्रं नव्हेत; पोथीतलं एकेक चित्र पुढे करत, गात गोष्ट सांगितली जाते. म्हणून रोज सादरीकरण ठेवा, साथीदारांचा खर्चही धरा. जुन्या कागदी पोथ्यांना आपली दमट हवा सोसत नाही, तेव्हा पावसाळा टाळाच. केंद्र सरकारच्या अनुदानासाठी संस्थेची दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी आधी उरका. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडेही विचारा. महाराष्ट्र त्यांच्याही कक्षेत येतो.