गाझिबोचा हिशेब आणि गोठ्यातलं सागवान

अमळनेरहून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात सांगतो. त्यांचे यजमान, म्हणजे सर, गेल्या वर्षी कॉलेजातून निवृत्त झाले. पेन्शन ४१,००० आणि घरखर्च साधारण ३३,०००. निवृत्तीच्या पैशातले १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकून चौदा महिने झाले, शिवाय बँकेत ४ लाखांची मुदत ठेव आहे. घरामागे मोकळी जागा आहे आणि तिथे १० बाय १२ फुटांचा लाकडी गाझिबो, म्हणजे खांबांवर छप्पर असलेला उघडा मांडव, उभा करायचा मनसुबा आहे. पुढच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलगी-जावई नातवंडांना घेऊन येतील, तेव्हा तो तयार हवा आणि त्यात झोका हवा.

पर्याय दोन. एक म्हणजे ऑनलाइन मिळणारा पाइन लाकडाचा तयार संच. किंमत १,६८,०००, क्रेडिट कार्डावर ‘बिनव्याजी’ २४ हप्ते, हप्ता ७,०००. एकरकमी दिले तर १२,००० सूट. जोडणी आपली आपण करायची, सर आणि जावई मिळून करू म्हणतात. दुसरा पर्याय गावातल्या सुताराकडून नव्या सागवानात करून घेण्याचा. त्याचं कोटेशन असं: लाकूड ३४ घनफूट, दर ३,८००, म्हणजे १,२९,२००. मजुरी ४८,०००. कौलं, बोल्ट-पट्ट्या, पॉलिश ३२,०००. एकूण २,०९,२००. पैशासाठी सर म्हणतात बचत योजनेतून दोन लाख काढू, मुलगा म्हणतो सोनं तारण ठेवू, आणि ताई विचारतात, ‘हा खर्च करावा तरी का?’

ताई, आधी शेवटचाच प्रश्न घेतो. करा. पण घराची किंमत वाढेल हे जे सर म्हणतात ते मनातून काढून टाका. अमळनेरात घर विकायला काढलंत तर गिऱ्हाईक प्लॉट बघेल, बोअरचं पाणी विचारेल, गाझिबोचे वेगळे पैसे कुणी देणार नाही. ही गुंतवणूक नाही, हौस आहे. हौसेला नावं ठेवणारा मी नव्हे, मात्र ती हौसेच्याच पैशातून व्हावी, म्हातारपणाच्या पैशातून नाही.

आणि हौस किती वेळा भागणार तेही मोजा. आपल्याकडे मार्चअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा बाहेर बसणं म्हणजे शिक्षाच. पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा छप्पर कौलाचं असलं काय नि लाकडाचं असलं काय, वारा भट्टीतलाच येतो. पावसाळ्यात झड चारही बाजूंनी आत येते. उरल्या हिवाळ्याच्या सकाळी, उन्हाळ्याच्या रात्री, भरिताच्या पार्ट्या आणि पापड वाळत घालायचे दिवस. वर्षाला १२० बैठका धरू. साधारण १,७०,००० खर्च (हा आकडा कसा येतो ते पुढे मांडलंय) पंधरा वर्षांवर वाटला आणि दरसालच्या तेल-पॉलिशचे ८,००० त्यात मिळवले, तर एका बैठकीला १६० रुपये पडतात. घरचं सगळं गोळा होऊन बसणार असेल तर मला हा आकडा महाग वाटत नाही. फक्त कपडे वाळत घालायला वापर होणार असेल, तर दोरीच पुरे.

आता पैसे कुठून आणायचे नाहीत ते बघू. ज्येष्ठ नागरिक योजनेच्या खात्यातून थोडी थोडी रक्कम काढता येत नाही. दोन लाख हवे असतील तर अख्खं पंधरा लाखांचं खातं मोडावं लागेल. एक वर्ष झालंय पण दोन झालेली नाहीत, म्हणजे ठेवीवर दीड टक्का कपात, २२,५००. सुताराच्या कोटेशनचा दहावा हिस्सा काहीही न करता पोस्टात ठेवून यायचा. शिवाय ८.२ टक्क्यांनी तिमाहीला येणारे ३०,७५० बंद. पैसे परत गुंतवले तर त्या दिवशीचा दर मिळेल, तो किती असेल कुणी सांगावं.

सोनं तारण ठेवण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही, जळगावाजवळ राहून असं म्हणणं शोभणारही नाही. पण ते कापसाच्या हंगामात नडलेल्या शेतकऱ्यानं करावं, झोक्यासाठी नाही.

‘बिनव्याजी’ हप्त्यांचं गणित जरा उलगडून बघा. एकरकमी १,५६,००० ला मिळणारी वस्तू तुम्ही हप्त्यांनी १,६८,००० ला घेताय. म्हणजे १२,००० हे व्याजच, नाव तेवढं बदललंय. वर्षाला सात टक्क्यांच्या थोडं वर जातं. त्यावर बँकेचं प्रक्रिया शुल्क, आणि हप्त्यातल्या व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी बँक वेगळा लावते, तो जाहिरातीत कधी दिसत नाही. दर फार वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण दरमहा शिल्लक ८,००० असताना ७,००० चा हप्ता दोन वर्षं डोक्यावर घेणं मला पटत नाही. एखादी दाढ दुखली तरी हप्ता चुकेल, आणि क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेला वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं.

तरीही हा संच मी हप्त्यांमुळे बाद करत नाही, झोक्यामुळे करतोय. तुम्ही पाठवलेल्या पत्रकात खांब साडेतीन इंची आहेत आणि झोक्याचा उल्लेखही नाही. झोक्याचा भार म्हणजे बसलेल्या माणसाचं वजन एवढंच नसतं. आखाजीला दोघी-दोघी उभ्यानं झोका चढवतात, तेव्हा तुळईला बसणारा हिसका वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो, आणि तोही एकदा पुढे, एकदा मागे. पाइन मऊ लाकूड. वाळवीविरुद्ध रसायन आत मुरवलेलं आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय ते आपल्या मातीत उभं करूच नये. शिवाय पायाचा खर्च त्या किमतीत नाही. सुताराच्याही नाही.

पायाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण दोन्ही कागदांत तो गायब आहे. तुमच्या परसात काळी माती आहे असं तुम्हीच लिहिलंय. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरवर कोबा करून त्यावर खांब ठोकले तर दोन वर्षांत एक कोपरा खचेल आणि सगळे सांधे बोलायला लागतील. प्रत्येक खांबाखाली खोल खड्डा, मुरूम, काँक्रीटचा ठोकळा, वर लोखंडी पट्टी आणि त्यात बोल्टनं आवळलेला खांब, असं हवं. लाकूड मातीत पुरायचं नाही. कोब्याआधी वाळवीचं औषध मारून घ्यायचं. गवंड्याकडून लेखी दर घ्या, मी तूर्त ३०,००० धरतो. वाऱ्याचाही विचार याच पायात आहे. मे-जूनच्या वावधनात, म्हणजे वादळी वाऱ्यात, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, तेच वारं तुमच्या छपराच्या खालून शिरून त्याला वर उचलू पाहणार. माझ्या गच्चीवरचा बांबूचा मांडव असाच एका संध्याकाळी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसला होता. शेजारी चांगला म्हणून बरं.

आता सुताराचं कोटेशन. माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही, पण ३४ घनफूट कुठून आले ते त्याला मांडून दाखवायला सांगा. मी करून पाहिलं. चार खांब ५ बाय ५ इंची, ९ फूट उंच, मिळून सव्वासहा घनफूट. वरची चौकट ४ बाय ६ ची, घेर ४४ फूट, सव्वासात. वासे २ बाय ४ चे, आठ फुटी, चौदा नग, सव्वासहा. तिरके टेकू आणि किरकोळ तीन. झाले तेवीस. कापण्या-रंधण्यात वाया जाणारं धरून सत्तावीस. मधल्या सात घनफुटांचे २६,६०० होतात. कदाचित त्याचे खांब जाड असतील, तर तसं लिहून द्यावं. रंधा मारण्याआधीचं माप लावतो की नंतरचं, हेही विचारा. लाकडाच्या व्यवहारात पैसे इथेच झिरपतात.

पण खरी गोष्ट तुमच्या पत्राच्या ता.क. मध्ये आहे, ताई. चोपडा तालुक्यातलं जुनं धाब्याचं घर चार वर्षांपूर्वी उतरवलं, त्याचे सहा सागवानी खांब आणि तीन तुळया धाकट्या दिरांच्या गोठ्यात पडून आहेत, ‘पण मागायचं कसं?’ असं तुम्ही लिहिलंय. चार पानांत एवढीच एक ओळ, आणि माझ्या मते सगळ्यात किमती.

तुम्ही दिलेल्या मापांनी खांब (६ बाय ६, आठ फुटी) बारा घनफूट आणि तुळया (६ बाय ८, बारा फुटी) बारा, एकूण चोवीस. जुनं सागवान पुरतं वाळलेलं असतं, आता ते पिळणार-वाकणार नाही. खिळ्यांची भोकं, कुजकी टोकं जाऊन अठरा घनफूट हाती लागावं. एक तुळई न चिरता अख्खी ठेवा, झोका तिलाच. खांब फूटभर कमी पडतात म्हणता? काँक्रीटचा ठोकळा तेवढा वर आणा. जुन्या घरात खांबाखाली दगडी उथळे असायचे ते उगाच नाही, ओल आणि वाळवी दोन्ही खालीच राहतात. आरामशीनवर नेण्याआधी एकूण एक खिळा काढा, नाहीतर पातं तुटलं म्हणून मशीनवालाच तुमच्याकडे पैसे मागेल. गावाहून आणताना हे जुन्या घराचं लाकूड असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला सोबत हवा, आणि निघण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. सागाच्या बाबतीत विचारलेलं बरं. दिरांच्या बांधावरचं सागाचं झाड तोडू, असं कुणी सुचवेल. स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही.

मागायचं कसं? फुकट मागू नका. घर दोघा भावांचं, म्हणजे अर्धं लाकूड दिरांचं. जुन्या सागवानाचा दर दोन ठिकाणी विचारा. मी घनफुटाला २,००० धरले, म्हणजे त्यांच्या वाट्याचे २४,००० होतात. ते खात्यावर पाठवा आणि साध्या कागदावर दोघा भावांच्या सह्या घ्या. ‘भावात कसला कागद’ असं सर म्हणतील. कागद भावासाठी नसतो, पुढच्या पिढीत जावा-पुतण्यांना प्रश्न पडू नये म्हणून असतो.

मग हिशेब असा होतो. दिरांचे २४,०००. वाशांसाठी नवं सागवान सहा घनफूट, २२,८००. वाहतूक आणि चिराई १२,०००. मजुरी ४८,०००. कौलं-बोल्ट-पॉलिश ३२,०००. पाया ३०,०००. एकूण १,६८,८००. पाइनच्या संचाची किंमत जवळपास हीच, पण तिच्यात पाया नाही. सुताराचं मूळ कोटेशन पाया धरून २,३९,२०० वर जातं.

पैसे येतील ते बचत योजनेच्या व्याजातून. गेल्या वर्षी त्यातून मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, यंदा ते पडून राहतंय असं तुम्ही लिहिलंय. ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल, तीन तिमाहीचे ९२,२५०. आतापासून मार्चपर्यंत सात महिन्यांची शिल्लक ५६,०००. मिळून १,४८,२५०. वीस हजारांची तूट राहते. ती ४ लाखांच्या ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून बँकेकडून उचल) घेऊन भागवा, ठेव मोडू नका. ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त पडतो. जुलैच्या व्याजातून फेडलंत तर चार-पाचशे रुपयांत काम होतं. व्याज हाती पूर्ण येतंय ना हेही पासबुकात बघा. ज्येष्ठांचं व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की टीडीएस कापतात, तुमचं १,२३,००० आहे. नव्या करप्रणालीत तुमच्या उत्पन्नावर कर बसत नाही, तेव्हा टीडीएस न कापण्याचा फॉर्म भरून द्या.

काम टप्प्यानं करा, म्हणजे पैसेही टप्प्यानं जातील. आधी नगरपरिषदेत विचारा, सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत) छपराचं बांधकाम चालतं का ते. पाया दिवाळीनंतर, जमीन वाळली की. लाकूडकाम जानेवारी-फेब्रुवारीत, कौलं मार्चमध्ये, आणि त्यांचे पैसे एप्रिलचं व्याज आलं की. सुताराला बयाणा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नाही, आणि शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस पडून गेल्यावर. हे आधीच लिहून घ्या, नंतर म्हणाल तर तो ऐकणार नाही.

सरांना हात लावायचाच आहे, तर त्यांना मापाचं काम द्या. चौकट खाली जमिनीवर जुळवून, प्रत्येक तुकड्यावर आकडे टाकून मगच वर चढवायची. चारी बाजू बरोबर असूनही चौकट तिरकी असू शकते, म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. १० बाय १२ ला प्रत्येक कर्ण १५ फूट साडेसात इंच भरला पाहिजे. अर्ध्या इंचाचा फरक दिसला तर काम तिथेच थांबवायचं, सुतार कितीही ‘चालतंय’ म्हणाला तरी. शिडीवर मात्र चढायचं नाही. साठीनंतर पडून मोडलेल्या खुब्याच्या खर्चापुढे ४८,००० मजुरी काहीच नाही.

दिरांना फोन याच आठवड्यात करा. एकदा कापूस वेचणीला लागला की ते घरी सापडायचे नाहीत.