रेडिएशन संपल्यावर आपणहून पेट स्कॅन करून घ्यावा का?

आईंचं ब्रेस्ट कॅन्सरचं रेडिएशन महिन्यापूर्वी संपलं, डॉक्टर फक्त 'तीन महिन्यांनी दाखवायला या' म्हणाले, मग आपणच पेट स्कॅन (शरीरात कॅन्सर कुठे आहे का ते बघणारा स्कॅन) करावा का, असं तुम्ही विचारलंय. माझी याच आजाराची ट्रीटमेंट 2020 मध्ये संपली. माझं मत: काही त्रास नसेल तर नको.

मी हा उद्योग करून बसलेय. एका लॅबच्या पॅकेजात सीए 15-3 ही कॅन्सर मार्करची रक्ततपासणी होती, ती करून घेतली. आकडा जरासा वर आला. पंधरा दिवस घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, "ही मी लिहून दिली होती का?" पुन्हा केली, नॉर्मल. लक्षणं नसताना असे मार्कर आणि स्कॅन केल्याने आयुष्य वाढत नाही, हे तेव्हा त्यांनी नीट समजावलं.

ट्रीटमेंटनंतर साधारणपणे पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे तपासणी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) दरवर्षी, पहिली रेडिएशननंतर किमान सहा महिन्यांनी.

तपासणी पाच मिनिटांत उरकते, तेव्हा बोलायचं आपणच. आणि आपल्या बायका नेमक्या तिथेच 'बरं आहे' म्हणून मोकळ्या होतात! एकाच जागचं हाड सतत दुखतंय, खोकला हटत नाही, धाप लागते, छातीत किंवा काखेत गाठ लागते, असं काही असेल तर तारखेची वाट बघू नका.

कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हार्मोनवरची गोळी कुठली चालू आहे? टॅमॉक्सिफेन असेल आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर लाल गेलं, तर लगेच सांगा. लेट्रोझोल असेल तर हाडांची डेक्सा (हाडं किती मजबूत आहेत ती तपासणी) कधी करायची ते विचारा. मला लेट्रोझोल होती. सकाळी बोटं इतकी आखडायची की लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना. दोन महिने गुपचूप बंद ठेवली. शेवटी डॉक्टरांना कळलं, त्यांनी गोळी बदलून दिली आणि दुखणं बरंच कमी झालं. आधीच सांगितलं असतं तर ते दोन महिने वाया गेले नसते.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताकडेही लक्ष असू द्या. माझ्या हाताची सूज आधी बांगडीनेच दाखवली, घट्ट व्हायला लागली होती. लवकर फिजिओथेरपिस्टकडे गेले म्हणून आटोक्यात राहिली. आईंच्या बांगड्या आज एकदा चढवून बघा.