फणसाचे स्पीकर

प्रश्न : 1986 साली मी आणि माझ्या मित्राने मिळून स्पीकरची जोडी बांधली. खालच्या सुरांसाठी आठ इंची वूफर, वरच्या सुरांसाठी वर ट्वीटर, बंद डबा. डबे त्याच्या परसातल्या फणसाचे. 'दक्षिणेत मृदंगम् फणसाचा चालतो, मग स्पीकर का नाही?' असं म्हणून त्याने प्लायवुड घरात येऊ दिलं नाही. गेल्या चवथीनंतर तो वारला. वहिनींनी जोडी माझ्याकडे पाठवली, सोबत जत्रेच्या नाटकातलं त्याचं काम टिपलेली कॅसेटही. वूफरच्या कडेचा फोम हात लावताच भुगा होतो, एक बाजू खरखरते, ट्वीटर दबलेले वाटतात. दुकानदार म्हणतो, टाका आणि नवीन घ्या. सगळं बदललं तर त्यात मित्राचं काय उरणार?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : टाकू नका, आणि सगळं बदलूही नका.

फोम वूफरसोबत आला होता, तो काही तुमच्या मित्राने निवडला नव्हता. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने विरत जातो. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षं टिकला तरी पुष्कळ. तो खुशाल काढा. तोवर स्पीकर वाजवू मात्र नका. कडेचा आधार गेला की वूफरचा हलणारा पडदा, म्हणजे कोन, कलतो आणि त्याला जोडलेली तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत घासते. खरखर बहुधा तीच. तसंच वाजवत राहिलात तर कॉइलची तार सुटेल, मग दुकानदाराचं म्हणणं खरं होईल.

मापाची नवी कडा मिळते. रबराची जास्त टिकते, पण जड असते आणि वूफरची चाल बदलते. मी फोमचीच लावेन. गोंद ओला असताना वीस-तीस हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडून ठेवा, कॉइल मध्यावर बसायला मदत होते. शेवटी दीड व्होल्टचा सेल लावून दोन्ही कोन एकाच दिशेला हलतात ना, ते बघा. एक पुढे आणि एक मागे गेला तर बेस जागच्या जागी मरतो.

ट्वीटर दबलेत ते बहुधा क्रॉसओव्हरमधले, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधले, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकल्यामुळे. दोन्ही बाजूंचे बदला. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि नॉन-पोलरच, म्हणजे धन-ऋण बाजू नसलेले. कुणीतरी महागडे फिल्म कपॅसिटर गळ्यात मारेल. त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो, त्यामुळे ट्वीटरचा आवाज थोडा वर चढतो. मग तो आवाज तुम्हा दोघांनी ठरवलेला राहणार नाही.

आता फणस. मित्राचा युक्तिवाद नेमका उलटा होता! मृदंगाच्या खोडाला बोलावं लागतं, स्पीकरच्या डब्याने गप्प बसायचं असतं. शिवाय सलग लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, सांधे उघडतात. तरीही डबे बदलू नका. त्या जोडीत मित्राचं म्हणून काही असेल तर तो हा हट्टच. बीबीसीच्या इंजिनियरांनी सत्तरच्या दशकात 'एलएस थ्री फाइव्ह ए' हा छोटा स्पीकर पातळ बर्च प्लायचा केला आणि भिंतींना आतून डांबरी थर चिकटवून गप्प केला. तुम्हीही आतून डांबरी फेल्ट लावा, सांधे गोंदाने बुजवा. फोम बसल्यावर वूफर हलकेच आत दाबून सोडा. सावकाश परत आला तर डबा बंद आहे, झटकन आला तर हवा गळते.

म्हापशाला माझाही असा एक जोडीदार होता. शुक्रवारचा बाजार उरकून यायचा आणि चहा व्हायच्या आत मला ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करणारा रेझिस्टर बदलायला लावायचा. त्याला शब्दांतला 'स' टोचायचा, मला तोच गुळगुळीत वाटायचा. तो गेला तेव्हा त्याने सांगितलेला रेझिस्टर लावलेला होता. अजून तोच आहे, आणि अजूनही मला तो चुकीचाच वाटतो.

चाचणीसाठी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावा, मग माणसाचं बोलणं. बोलण्यातला खोटेपणा कानाला लगेच कळतो, आवाज ओळखीचा असेल तर अधिकच. म्हणजे नाटकाची कॅसेट. आधी तिच्यावर बुरशी नाही ना, ते बघा आणि डेकचं हेड स्पिरिटने पुसून घ्या. त्या वेळी वहिनींना बोलवा. तो आवाज त्याच्यासारखा लागतो की नाही, हे त्या तुमच्याआधी सांगतील. बेस किती हवा ते मात्र त्यांना विचारू नका. आमच्या घरी त्याचं उत्तर नेहमी 'बंद करा' असंच आलंय.