बाबांच्या फ्लेक्सवर साहेबांचे फोटो

प्रश्न : मागच्या आठवड्यात बाबा गेले. गिरणी कामगार, १९८२ च्या संपात होते. दुसऱ्याच दिवशी आम्हाला न विचारता चाळीच्या गेटवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागला, बाबांचा फोटो कोपऱ्यात पासपोर्ट साइजचा आणि वर साहेब लोकांचे चार मोठे. आता दुसरा पक्ष म्हणतो तेराव्याला शोकसभा आम्ही घेतो. आई नुसती रडतेय. नाही कसं म्हणू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : दादा, सरळ नाही म्हणा. खांदा द्यायला जे आले त्यांचे आभार मानाच, पण फ्लेक्स उतरवायला सांगा आणि नाहीच ऐकलं तर पालिकेच्या एफ साऊथ वॉर्डात लेखी तक्रार द्या, परवानगीशिवाय फ्लेक्स लावणं १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण कायद्याने गुन्हा आहे.

शोक कुणावर लादता येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा शिवाजी पार्कला लोक खरंच ढसाढसा रडत होते, कुणी सांगितलं म्हणून नाही, आणि त्याच वेळी मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, एकीने तर फक्त लाइक केलं होतं. ज्याखाली त्यांना धरलं ते आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ ला रद्द केलं, पण मला ते अजून टोचतं.

शोकसभा तुम्हीच घ्या, चाळीच्या पटांगणात. माइक घरच्यांच्या हातात ठेवा, गिरणीत बाबांच्या खात्यातला कुणी जुना साथीदार असेल तर त्याला आधी बोलू द्या. पक्षवाल्यांनी जरूर यावं, पक्षाचं उपरणं गेटबाहेरच उतरवून.