रजा तिच्या, तक्ता तुमचा

'ताई, दर डिसेंबरात मी पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्या काढून बसतो. कुठली गुरुवारी येते, कुठली मंगळवारी, कुठे एक रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात, हे सगळं रंगीत तक्त्यात मांडतो आणि तक्ता फ्रीजवर लावतो. तिकिटं, हॉटेल, सगळं मीच बघतो. बायकोला फक्त बॅग भरायची असते. या वेळी गुरुवारच्या सुट्टीला जोडून शुक्रवारची रजा हवी होती. तिच्या साहेबांनी ती नाकारली. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, "बरं झालं. माझ्या रजा माझ्या आहेत, तुझ्या तक्त्याच्या नाहीत." बुकिंगचे पैसे परत मिळणार नाहीत. आठ वर्षांची मुलगी रुसून बसली आहे. मी हे सगळं कुणासाठी करतो? तिला कसं समजावू?'
- तक्तेवाला नवरा

तक्तेवाले,

समजावण्याचं नंतर बघू. आधी त्या बॅगेबद्दल बोलू या, कारण तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत. बॅग म्हणजे तीन माणसांचे कपडे, तापाचं औषध, चार्जर, आणि सोमवारी शाळेत घालायचा गणवेश निघण्याआधीच धुऊन ठेवणं. रविवारी रात्री अकराला दार उघडल्यावर तुम्ही फोन चार्जिंगला लावून आडवे होता, की मशीनमध्ये कपडे टाकता? पत्रात लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे. तुमच्या तक्त्यात ही सहल चार दिवसांची दिसते. तिच्या हिशेबात आदल्या दोन रात्री आणि नंतरची एक धरावी लागते.

पण तिचा राग बॅगेवर असता तर ती बॅगेबद्दल बोलली असती. ती रजांबद्दल बोलली.

तुम्ही म्हणता की साहेबांनी रजा नाकारली. का नाकारली, हे विचारलंत? जोडसुट्टीचा शुक्रवार कार्यालयातल्या प्रत्येकाला हवा असतो आणि कुणीतरी जागेवर असावंच लागतं. जर्मनीत एक सार्वजनिक सुट्टी, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची, दर वर्षी न चुकता गुरुवारीच येते. मग मधला शुक्रवार यंदा कुणाचा, याची बोलणी तिथे आधीपासून सुरू होतात. तुमच्या बायकोच्या कार्यालयात वेगळं काय होणार? तुमच्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक जोडरजा तिने टाकली असेल, तर दर वेळी तिच्या शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी 'नाही' ऐकावं लागलं असणार. ते तोंड तुम्हाला दिसत नाही. तिला रोज दिसतं. 'बरं झालं' त्यातूनही आलेलं असू शकतं.

आणि रजा संपतात हो. मुलीला गोवर-कांजिण्या निघाल्या, आईला दवाखान्यात न्यायचं झालं, नाहीतर एखाद्या मंगळवारी उगाच घरी बसून पुस्तक वाचावंसं वाटलं, तर त्यासाठी खात्यात काहीतरी शिल्लक हवं. काही कार्यालयांत दोन रजांच्या मधे आलेला शनिवार-रविवारही रजेत धरतात. तसा नियम तिच्याकडे असेल आणि तुम्ही तुमच्या कार्यालयाच्या हिशेबाने तक्ता केला असेल, तर शुक्रवार-सोमवारच्या तुमच्या दोन रजा जातात तिथे तिच्या चार गेल्या असतील. एवढं विचारून घ्या. मला तर वाटतं, निम्मं भांडण तिथेच सापडेल.

आता मुख्य गोष्ट. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. 1,530 प्रौढांना त्यांनी सुट्टीच्या आधी आणि नंतर किती आनंदी वाटतं, ते विचारलं. फिरायला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी निघाले, पण जाण्याआधी. परत आल्यावर दोघांत फारसा फरक उरला नव्हता. थोडाफार टिकला तो ज्यांची सहल अगदी निवांत झाली त्यांचाच. म्हणजे सहलीचा मोठा आनंद वाट बघण्यात असतो. तो तुमच्या घरात कोण घेतं? डिसेंबरात कॅलेंडर पसरून तुम्ही बसता. हॉटेलांचे फोटो तुम्ही चाळता, स्वस्त तिकीट सापडलं की खूश तुम्ही होता. तिच्या वाट्याला तयार तक्ता येतो, फ्रीजवर, रंगीत. तुम्ही मेहनत घेता यात शंका नाही, पण त्या मेहनतीतली गंमत एकट्याने संपवता आणि वर विचारता की मी हे कुणासाठी करतो. तुमच्यासाठी करता. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ते तिच्या नावावर लिहू नका.

'एका रजेत चार दिवस' या गणिताबद्दलही माझं जरा वाकडं मत आहे. ते गणित सगळ्यांनाच येतं. जपानात 29 एप्रिल आणि मग 3, 4, 5 मे अशा सुट्ट्या येतात. त्यात शनिवार-रविवार आणि एकदोन रजा जोडून अर्धा देश एकाच आठवड्यात बाहेर पडतो आणि गाड्या, रस्ते, हॉटेलं ओसंडून वाहतात. तिथल्या कायद्यात तर दोन राष्ट्रीय सुट्ट्यांच्या मधे अडकलेला दिवसही आपोआप सुट्टीचा होतो. (तुमच्यासारखा कुणी तक्तेवाला तिथल्या संसदेत असणार.) चीनमध्ये 1 ऑक्टोबरला सुरू होणारी आठवडाभराची सुट्टी आहे, पण तिच्यातले काही दिवस आगेमागे शनिवार-रविवारी कामावर येऊन फेडावे लागतात. चार दिवस फुकट मिळत नाहीत. चढ्या भाड्यात, रांगांत, परतीच्या गर्दीत कुठेतरी ते वसूल होतातच.

म्हणून माझं ऐकाल तर वर्षातली एकच जोडसुट्टी धरा आणि कुठली ते दोघांनी मिळून ठरवा. दुसरी सहल मुलीच्या शाळेला सुट्टी असेल पण देशाला नसेल अशा दिवसांत करा. तेव्हा दोन-तीन रजा जास्त जातील, पण निवांतपणा मिळेल, आणि तो अभ्यास खरा मानला तर टिकतं तेवढंच. बाकीच्या सार्वजनिक सुट्ट्यांना घरी राहा. त्या तुम्हाला रजा न टाकता मिळतात, हे तुम्ही विसरूनच गेलात.

जोडसुट्टीला जायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी निघू नका, सगळे तेव्हाच निघतात. परतही शेवटच्या संध्याकाळी येऊ नका. दुपारपर्यंत घरी पोचलात तर कपडेही उजेडी धुऊन होतील आणि ते धुवायला तुम्ही जागेही असाल. बाहेरच्या देशात जाणार असाल तर तिथलं कॅलेंडर बघा. आपण सुट्टी बघून जातो आणि तिथली संग्रहालयं, बँका त्यांच्या सुट्टीमुळे बंद असतात, असं होतं. वकिलाती तर बहुधा दोन्ही देशांच्या सुट्ट्या पाळतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा घ्यायचा असेल तर अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. ते पंधरा दिवस सुट्ट्यांत गेले की धावपळ होते. ईदसारख्या चंद्रावर ठरणाऱ्या सुट्टीची तारीख शेवटी एका दिवसाने सरकू शकते. तिच्या भरवशावर पैसे परत न मिळणारं बुकिंग करू नये. खरं तर तिची रजा मंजूर होण्याआधी कुठलंच करू नये, पण ते तुम्हाला आता कळलं असेल.

या डिसेंबरात तक्ता करू नका असं मी म्हणणार नाही, तुम्हाला करमायचं नाही. कोरं कॅलेंडर टेबलावर ठेवा आणि पहिली खूण तिला करू द्या. तिच्या रजांपैकी निम्म्या कुठल्याही खुणेविना राहतील, असं आधीच ठरवा. त्या दिवशी ती कुठे जाते, काय करते, की नुसती झोपते, हे विचारू नका. मुलीलाही एक दिवस निवडू द्या. तिने निवडलेला दिवस बुधवार निघाला तरी हसू नका.

यंदाच्या बुकिंगचं म्हणाल तर पैसे गेलेच आहेत, त्यामुळे मुलीला घेऊन तुम्ही दोघंच जा. बायकोला तीन रात्री घर रिकामं मिळेल. हे तिच्यावर उपकार केल्याच्या सुरात सांगू नका.

ताज्या कलमात तुम्ही विचारलंय की तिच्या साहेबांशी एकदा फोनवर बोलून बघू का. नको.

- तुमची ताई