अमेरिकेच्या दक्षिणेतल्या घराची ओढ सांगणारं एखादं कंट्री गाणं सुचवाल का?

एकच सांगायचं तर बॉबी बेअरचं 'डेट्रॉइट सिटी', १९६३ सालचं. लिहिलंय डॅनी डिल आणि मेल टिलिस यांनी.

घराच्या आठवणीची कंट्री गाणी ढिगाने सापडतील. या गाण्यात घर तसं थोडंच दिसतं: कापसाची शेतं, आई, म्हातारे वडील, भावंडं, वाट बघणारी एक मुलगी. तेही स्वप्नात. माझ्या जिवाला लागतात ती यातली पत्रं. मालगाडीने उत्तरेत आलेला हा माणूस दिवसा मोटारी बनवतो, रात्री बारमध्ये बसतो आणि घरी अशी पत्रं धाडतो की सगळ्यांना वाटावं, पोराने शहरात नाव काढलं. आता परत जायचं तर आधी ते सगळं खोटं पडणार. लांब राहून 'इकडे मजेत आहे' असं घरी कधी सांगितलं असेल, तर हे गाणं तुम्हाला सोडणार नाही.

अशी माणसं तेव्हा लाखोंनी होती. हेन्री फोर्डने १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि डेट्रॉइटकडे रीघ लागली. दुसऱ्या महायुद्धात डेट्रॉइटजवळच्या यप्सिलँटी गावाशेजारी विलो रन कारखान्यात बॉम्बर विमानं बांधायला केंटकी-टेनेसीतून माणसं आली. युद्धानंतर कापूस वेचायला यंत्रं आली, तसं शेतावरचं कामही आटलं. काळे आले, गोरे आले. गोऱ्या दक्षिणींना उत्तरेत 'हिलबिली', म्हणजे डोंगरातले गावंढळ, म्हणून हिणवत. डेट्रॉइटला लागून असलेल्या हेझल पार्कला तर लोक 'हेझलटकी' म्हणायला लागले, इतके केंटकीवाले तिथे. शुक्रवारी कारखान्यातली पाळी सुटली की गाडीत दाटीवाटीने बसायचं, २३ नंबरच्या हायवेने रात्रभर दक्षिणेकडे जायचं आणि सोमवारी पुन्हा कामावर. बेअर स्वतः आयर्नटनचा, ओहायो नदीच्या काठचा, पैलतीरावर केंटकी. ही माणसं त्याला परकी नव्हती.

ऐकताना मधल्या भागाकडे नीट कान द्या. सुरुवातीला खर्जातली गिटार, मग 'मला घरी जायचंय' हे पुन्हा पुन्हा, आणि मध्येच बेअर गाणं सोडून बोलायला लागतो. इतकी वर्षं फुकट गेली, म्हणतो. आता हा वेडा अभिमान उचलून दक्षिणेकडच्या मालगाडीत टाकावा म्हणतो. वाटतं, निघाला! पण लगेच पुन्हा तेच धृपद येतं. माझ्या मते तो अजून डेट्रॉइटमध्येच आहे.

या गाण्याला कंट्री विभागातलं ग्रॅमी मिळालं. टॉम जोन्सनेही १९६७ मध्ये ते गायलंय. आवाज दांडगा आहे, पण पाळी करून थकलेला माणूस मला त्यात सापडत नाही. आधी बेअरचंच ऐका.